काखेत कापड कमी पडलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि मला किळस फार येते. हसू नका. चिखलात लोळणं हाच जिचा धंदा, तिनं नाक मुरडावं याची तुम्हाला गंमत वाटेल. पण चिखलाची मला कधीच शिसारी आली नाही. चिखल प्रामाणिक असतो, पाणी मारलं की निघून जातो. मला ओकारी येते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती सांगायलाच आज मी तोंड उघडलंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवीगार होते. पहिली सात वर्षं एका ठेकेदाराकडे काढली. त्या माणसानं मला कचऱ्याचा डबा समजून वापरलं. सीटखाली उष्ट्याचे कागद, घामट फडकी आणि एक मेलेला उंदीर. तो उंदीर माझ्या पोटात किती महिने होता, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही जेवून बसला असाल.

मग मला डॉक्टरीणबाईंनी घेतलं. त्या गुरांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी त्यांनी तो उंदीर चिमट्यानं उचलला, मला आतून-बाहेरून साबणानं धुतलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय दशा केलीय तुझी!" मला तोवर कुणी 'बाई' म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. शेणानं भरलेले रबरी बूट, दोऱ्या, औषधांची पेटी, सगळं विनातक्रार वाहिलं.

टेकडीवर एक वस्ती आहे. तिथं जायच्या वाटेवर खडकाची एक आडवी कड आहे. गेल्या वर्षी त्या कडेवर माझं पोट टेकलं. पुढं जाता येईना, मागं येता येईना. वर एका दूधवाल्या काकूंची गाय अडली होती. डॉक्टरीणबाई पेटी घेऊन पळत चढल्या, पण उशीर झाला. गायही गेली, वासरूही गेलं. परत आल्यावर त्या हात स्वच्छ धुऊन माझ्या स्टिअरिंगवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मला माझ्याच पोटाचा तिटकारा आला.

यंदा काकूंच्या दुसऱ्या गायीचे दिवस भरत आले, तेव्हा बाईंनी ठरवलं, मला दोन इंच उंच करायचं. फार नाही. कडेवरून पोट निघालं म्हणजे झालं.

गॅरेजच्या मिस्त्रीनं मला जॅकवर चढवलं. चाकं हवेत लोंबायला लागली. मित्रांनो, तो माणूस ज्या फडक्यानं नाक पुसायचा, त्याच फडक्यानं माझी काच पुसायचा. जुना बोल्ट निघेना, तर त्यावर थुंकला. हातात पाव, हाताला ग्रीस, आणि तसाच खात होता. पण तेही मी गिळलं असतं. त्यानं उंच स्प्रिंगा घातल्या, धक्के झेलणारे लांब शॉक बसवले आणि माझी चाकं हवेत लोंबत असतानाच सगळे नट करकचून आवळून टाकले. ब्रेकचा रबरी पाइप जुनाच, तोकडाच ठेवला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं की, मॅडम. आता उंटासारखी चालेल बघा."

मला खाली उतरवलं आणि माझा जीव कळवळला. चाकांना धरणाऱ्या दांड्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात. मी हवेत असताना ते आवळलेले. जमिनीवर वजन आल्याबरोबर ते ओल्या कपड्यासारखे पिळले गेले. दर खड्ड्याला मी कुरकुरायला लागले. कुंईऽऽ कुंईऽऽ. माझी ती एकच भाषा.

ती ऐकली बाईंच्या यजमानांनी. शिकलेला, सज्जन माणूस. त्यांनी काय केलं, तर स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणली आणि माझ्या रबरांवर ओतली! शीऽऽ! खवट, चिकट तेल. त्यावर धूळ बसली, धुळीवर माश्या बसल्या. तेलानं रबर फुगतं, सडतं. पण आवाज थांबला.

"बघा, गप्प बसली," यजमान अभिमानानं म्हणाले.

गप्प बसवणं म्हणजे बरं करणं, असं ज्यांना वाटतं ना मित्रांनो, त्यांची मला त्या उंदराहून जास्त किळस येते.

बाईंची आई, म्हणजे आमच्या आजी, त्यांच्याकडेच राहतात. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या. गुडघे गेलेत, पण नजर सुईच्या नाकाएवढी बारीक. दोन इंच वाढल्यापासून त्यांना माझ्यात चढता येईना. "मला न विचारता हिची उंची वाढवली," असं म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या चष्म्याचं घर घरंगळत माझ्याखाली गेलं. माझं पुढचं एक चाक तेव्हा फाटकाजवळच्या खड्ड्यात लोंबत होतं. आजी कण्हत-कुंथत जमिनीवर आडव्या झाल्या, आणि तिथंच थांबल्या.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "आई! काय झालं तुला?"

"मला काय धाड भरलीय? हिला झालंय. बॅटरी आण."

"आई, मला वस्तीवर जायचंय. गाय आज-उद्या वितेल. काकूंना शब्द दिलाय मी."

"म्हणूनच सांगते, आण."

आजींनी उजेड पाडला. "हा पाइप बघ, ताणून तुटायला आलाय. काखेत कापड कमी पडलंय. हात वर केला की उसवणार. हा कसला पाइप?"

बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "ब्रेकचा."

"आणि ही रबरं का पिळलीत? उभं करून माप घ्यायचं सोडून यानं हिचे हात-पाय लोंबकळत ठेवून माप घेतलं का? आणि हे तेल कोणी ओतलं? जावईबापू, भजी तळायची होती का?"

यजमान बाटली मागं लपवत घरात गेले.

मग आजी मला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी गॅरेज. नाहीतर माझ्या अंगावरून घाल गाडी."

गॅरेजमध्ये मिस्त्री हसला. "आजी, गाडी म्हणजे झबलं नव्हे."

"झबलं उसवलं तर पोर उघडं पडतं. हिचा पाइप उसवला तर माझी पोर दरीत पडेल. सोड ते नट."

तो वाकला, बघितलं, आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं नवा, लांब पाइप घातला. तेलानं सडलेले बुश बदलले. मग आजींनी खुर्चीवरून हुकूम सोडला, "आता हिला चारी पायांवर उभी कर. हलवून सैल सोड. हां. आता आवळ."

"आजी, खाली घुसायला जागा पुरत नाही हो."

"दोन इंच जास्त दिलीयस ना? मावशील!"

त्याच दुपारी काकूंचा फोन आला. "बाई, एकच पाय बाहेर आलाय, दुसरा अडकलाय!"

आम्ही निघालो. कडेच्या अलीकडे उतार आहे, उभा, घसरडा. बाईंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि मी थांबले. जिथं थांबायचं तिथं. मग कड आली. मी श्वास रोखला. खडक माझ्या पोटाखालून सरकला; दोन बोटांचं अंतर होतं, पण शिवला नाही.

तासाभरानं डॉक्टरीणबाई गोठ्यातून आल्या. कोपरापर्यंत रक्त, चिकट पाणी, शेण. तशाच हातांनी त्यांनी माझं स्टिअरिंग धरलं आणि तीनदा हॉर्न वाजवला. गोठ्यातून एक ओलं, कापरं हंबरणं आलं. ते सगळं लिबलिबीत माझ्या अंगाला लागलं, वाळलं, वासही आला. मला किळस आली नाही.

मित्रांनो, आता माझ्यात आजींचं शिवणयंत्राजवळचं लाकडी स्टूल असतं. त्यावर पाय ठेवून त्या चढतात आणि चढताना मला टोमणा मारतात. तुमच्या घरातही एखादी गाडी, एखादं दार, एखादं माणूस कुरकुरत असेल. त्यावर तेल ओतून मोकळे होऊ नका. आधी वाकून बघा. आमच्या आजी तर दुखऱ्या गुडघ्यांनी वाकल्या होत्या.