मोरीतल्या मुंग्या

मी चांगुणाबाईची पाय घासायची वजरी बोलतेय. मुठीत मावणारी, पितळेची, पोटाला खाचा पाडलेली. पनवेलच्या बाजारातून चांगुणानं मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आणलं. तेव्हापासून करावे गावात तिच्या मोरीच्या कट्ट्यावर माझा मुक्काम. तिथून सगळं घर दिसतं, आणि दिसलं की मला बघितल्याशिवाय राहवत नाही.

तिचा नवरा गंगाराम मिठागरात राबायचा, अनवाणी. टाचा चिरायच्या. चांगुणा त्याचे पाय कोमट पाण्यात बुडवून मला फिरवायची.

"हलू गो, कातडी हाय ती, पत्रा नाय."

"पत्रा बरा, कुरकुरत तरी नाय."

पुढे शहर आलं, मिठागर बुजलं. ऐंशी साली गंगाराम रबाळ्याच्या एका कारखान्यात वॉचमन लागला. जन्मात पहिल्यांदा पायात बूट आले, तेही एक नंबर लहान. डाव्या तळव्याला कुरूप झालं. त्याच सुमारास मोरीत मुंग्या लागल्या. गंगाराम लघवी करून गेला की त्यांची रांग यायची. चांगुणा कढत पाणी ओतायची, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर.

"मोरीत गूल सांडतेस का गो?" शेजारची पुतळा म्हणाली. दोघी हसल्या.

नोकरी पक्की व्हायची होती. सोमवारी डॉक्टर तपासणार, पायाला काही दिसलं तर घरी बसवणार, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून रविवारी चांगुणा बसली. दाढीच्या पात्यानं कुरूप कापलं, वरून मला घासलं, मग बिब्बा तापवून चटका दिला. एरवी घर डोक्यावर घेणारा गंगाराम निवांत बिडी ओढत होता.

"दुखतंय का?"

"काय बी नाय. तुजा हात सुदारलाय."

चांगुणा लाजली. माझ्या खाचांत भरलेलं पाणी नव्हतं, रक्त होतं. मला कळलं, पण मला कोण विचारतो?

डॉक्टरनं छाती तपासली, डोळे तपासले. बूट काढायला सांगितलेच नाहीत. नोकरी पक्की झाली, पुतळाच्या घरी पेढे गेले.

आठव्या दिवशी बुटातून वास आला. तोही चांगुणालाच. त्याला काहीच जाणवत नव्हतं.

दवाखान्यात पहिला प्रश्न झाला, "मोरीत मुंग्या लागतात का?" रक्तात साखर कधीची वाढलेली, तिनं पायाची जाणीव खाल्लेली. डावा पाय गुडघ्याखाली कापला. नोकरीही गेली.

मी अजून कट्ट्यावरच आहे, खाचांत हिरवट डाग धरून. बायांनो, घासताना माणूस ओरडला तर ओरडू द्या. गप्प बसला तर मला खाली ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

काल संध्याकाळी गंगाराम भिंतीला टेकून बसला होता.

"डाव्या तलव्याला ठनकतंय गो. जरा घास ना."

चांगुणानं पाणी तापवलं, घमेलं पुढ्यात ठेवलं, मला हातात घेतलं. आणि नुसत्या पाण्यात, हलक्या हातानं, फिरवत राहिली.