भिमाबाईचा प्रवेश

"साहेब, ह्यो बघा. सोफ्याच्या मागं पडला व्हता."

भिमाबाईने तळहात पुढे केला. त्यावर अंगठ्याएवढा जाड बोल्ट होता, ताज्या ग्रीसने माखलेला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक रविराज साहेब फोनवर होते. त्यांनी बोल्टकडे नुसती नजर टाकली.

"दुसरी घंटा झालीय, मावशी. टाका कचऱ्यात आणि स्टेज मोकळं करा."

"वरनं पडलाय साहेब. त्या दोघांच्या हातनं."

"ते बघतील त्यांचं."

ते दोघे म्हणजे गोटीराम आणि कुंदन. रंगमंचावर दिवे लावलेला लांब लोखंडी पाइप तारांना टांगलेला असतो. तो अर्ध्यातच अडकला होता, म्हणून कंत्राटदाराने या दोघांना पाठवलं होतं. सकाळी येणार होते, उगवले दुपारी तीनला. रविवारचा चारचा प्रयोग, हाउसफुल्ल. तिसरी घंटा झाली तरी दोघं वर माळ्यावरच. शेवटी रविराज साहेबांनी खालून हात जोडले. "आता वरच बसा. दोन तास हलू नका."

पडदा उघडला.

भिमाबाई विंगेत उभी राहिली. नवरा गेल्यावर मखमलाबादच्या मळ्यातलं फुलं तोडायचं काम सोडून ती इथे झाडूवाली म्हणून लागली, त्याला बावीस वर्षं झाली. रंगमंचाची फळी न् फळी तिने झाडली होती, पण दिवे लागल्यावर त्यावर कधी पाय ठेवला नव्हता. नाटक समोरून कसं दिसतं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांतच वरून एक चप्पल थेट सोफ्यावर पडली. सोफ्यावर नायिका बसली होती, हर्षाली. ती दचकली. नायकाचं काम करणाऱ्या भारतने चप्पल उचलून वर पाहिलं. "सासरेबुवा, दुसरीपण टाका!" प्रेक्षक खदखदून हसले. मग मोजपट्टी सरसर उलगडत खाली आली आणि भारतच्या नाकासमोर डोलू लागली. ती वर ओढताना कुंदनच्या हातून भलताच दोर ओढला गेला. मागचा खिडकीचा पडदा गोळा होऊन वर गेला आणि त्यामागे चहा पीत बसलेला मेकअपवाला उघडा पडला. लोक खुर्च्यांवर थापा मारू लागले.

त्या हशातच भिमाबाईच्या पायाशी काहीतरी खणकन पडलं. दुसरा बोल्ट.

तिने वर पाहिलं. पाइपाचं डावं टोक वीतभर खाली आलं होतं. त्याच्या बरोबर खाली हर्षाली.

"साहेब, पाइप वाकडा झालाय. पडदा पाडा."

रविराज साहेब विंगेतच पोट धरून हसत होते. "पब्लिक बघा, मावशी! वर्षात असा हशा नाही ऐकला."

वरून बारीक आवाज आला, टण्ण. तारेचा एक पीळ तुटला होता. थोड्या वेळाने पुन्हा तसाच आवाज. हसण्याच्या गदारोळात तो फक्त तिलाच ऐकू आला. ओरडून उपयोग नव्हता.

भिमाबाईने पदर खोचला आणि ती उजेडात गेली.

हातात झाडू तसाच होता. तिला पाहताच टाळ्यांचा कडकडाट झाला. डोळ्यांपुढे पांढरा प्रकाश, त्यापलीकडे नुसता काळोख आणि त्या काळोखातून येणारं हसू. ती सरळ सोफ्यापाशी गेली.

"मावशी, आत जा!" हर्षाली ओठ न हलवता पुटपुटली.

"ऊठ पोरी."

"अहो, ही बया कोण?" भारतने प्रेक्षकांना विचारलं. पुन्हा हशा.

भिमाबाईने झाडू टाकला, हर्षालीचं मनगट धरलं आणि तिला हिसका देऊन उठवलं. हर्षालीचा पाय साडीत अडकला, ती जवळजवळ फरफटत विंगेकडे आली. "अहो, माझी बायको!" म्हणत भारतही मागोमाग धावला.

पाइप सोफ्यावर कोसळला. सोफ्याचे दोन तुकडे झाले, दिव्यांच्या काचा पहिल्या रांगेपर्यंत उडाल्या. त्यानंतरही दोन क्षण लोक हसत होते. मग हसणं एका बाजूने थांबत थांबत गेलं. कुठेतरी एक मूल रडू लागलं.

अर्ध्या तासात नाट्यगृह रिकामं झालं. कुंदन केव्हाच मागच्या दाराने पळाला होता. गोटीराम मात्र भिंतीच्या लोखंडी शिडीवर मध्येच अडकला होता, दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून. पन्नाशीचा माणूस, डोळे गच्च मिटलेले.

भिमाबाईने काचा गोळा केल्या होत्या. फरशी पुसायला भरलेली बादली ठेवून ती शिडीखाली आली.

"दादा, खाली बघू नका. डावा पाय सोडा. हां. आता उजवा."

"नाय जमत, बाई. पोरगी मेली असती वो..."

"वाचली ती. पाय सोडा."

एकेक पायरी करत तो खाली आला. शेवटच्या पायरीवर भिमाबाईला दिसलं, त्याची पँट मांड्यांपासून खाली ओली झाली होती. तेवढ्यात रविराज साहेब, भारत, हर्षाली, सगळी मंडळी तावातावाने इकडेच येताना दिसली.

भिमाबाईने बादली उचलली आणि अडखळल्यासारखं करून सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं.

"मावशी! आज एवढंच राहिलं होतं का?" साहेब ओरडले.

"चुकलं, साहेब."

ती खाली बसली आणि फडक्याने पाणी टिपू लागली. साहेब गोटीरामला बोलत होते, तो निथळत मान खाली घालून उभा होता. त्याच्या पायांभोवतीची जागा तिने सगळ्यात शेवटी पुसली, वर न बघता.