वॅगनचं छत

सत्यजितचं गॅरेज अल क्वोजमध्ये, एक टाइल्सचं गोदाम आणि एक लॉन्ड्री यांच्या मधोमध. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम त्याच्याइतकं नेटकं करणारे दुबईत थोडे, असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच अल ऐनचे खल्फान आपली नव्वद वर्षं जुनी फोर्ड कूपे ट्रेलरवर चढवून त्याच्याकडे घेऊन आले.

गाडी बुटकी, दोन दारांची, आत दणकट नवं इंजिन बसवलेली. हॉट रॉड म्हणतात तशी. फक्त छत मधोमध उघडं होतं. ती गाडी बनली त्या काळी एवढा मोठा पत्रा एकसंध दाबून काढता येत नसे. मग छताच्या मधे मोठा चौकोन मोकळा सोडून त्यावर लाकडी पट्ट्या आणि मेणकापड ताणत. इथल्या उन्हात ते कापड केव्हाच विरून गेलं होतं. खल्फानना तिथं पोलादी पत्रा हवा होता, आणि तोही असा की मुळापासून तसाच होता असं वाटावं. गाड्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

सपाट पत्रा ठोकून भागणार नव्हतं. तो गाडी चालली की ढोलासारखा वाजतो. छताला चहूबाजूंनी अंगची कमान असावी लागते. अशा वेळी जुन्या स्टेशन वॅगनचं छत कापून त्यातला तुकडा बसवतात. सत्यजितनं शारजाच्या भंगार बाजारात चकरा मारल्या. मिळालं ते गंजलेलं नाहीतर चेपलेलं. आणि हवं तसं छत त्याच्याच मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं.

ती वॅगन रणजितची. दोघं तरुणपणी अजमानला एका खोलीत राहिलेले. पुढे रणजितनं ही लांबलचक अमेरिकन गाडी घेतली आणि दोन्ही कुटुंबांचे शुक्रवार तिच्यातच गेले. मागे उलट तोंडाची एक सीट होती, तिथं रणजितची मुलगी अस्मी बसायची आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायची. तीन वर्षांपूर्वी साइटवरच रणजितचं हृदय बंद पडलं. त्याची बायको स्मिता मुलीला घेऊन नाशिकला परतली. जाताना सगळं विकलं, पण गाडी तिच्यानं विकवली नाही. "भावोजी, तुमच्याकडे राहू दे," एवढंच ती म्हणाली. सत्यजितनं तेव्हा मान डोलावली होती.

आता तो ताडपत्री काढून त्या छतावर हात फिरवत होता. खिशात फोन होता. स्मिताला विचारायला किती वेळ लागला असता? त्यानं फोन काढला, नंबरही काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. तीन वर्षं उभी आहे, टायर बसलेत, कोण येतंय बघायला, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग ग्राइंडर आणला. आधी आतलं कापडी अस्तर ओढून काढावं लागलं. त्यावर अस्मीनं लहानपणी अंधारात चमकणारे तारे चिकटवले होते. क्षणभर त्याचा हात थांबला. मग अस्तर गुंडाळून त्यानं कचऱ्याच्या पेटीत टाकलं.

काम मात्र असं झालं की त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. पत्रा तापून वाकू नये म्हणून वेल्डिंगचा एक टाका इथं, तर दुसरा पार तिकडे, मधे गार होऊ द्यायचं, पुन्हा एक टाका. मग हलक्या हातोडीनं शिवण बसवली, घासली. शेवटी डोळे मिटून हात फिरवला तरी जोड लागेना. खल्फान आले, त्यांनीही हात फिरवला आणि त्याला मिठी मारली. सत्यजितला ती मिठी नकोशी झाली.

पुढच्याच आठवड्यात स्मिताचा फोन आला. आवाजात आनंद होता. अस्मीला अल ऐनच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती. तिला पोचवायला आणि तिचं बस्तान बसेपर्यंत राहायला स्मिताही येणार होती. तिथं गाडीशिवाय पान हलत नाही. तर बाबांची गाडी चालू होईल का, असं अस्मी विचारत होती.

सत्यजितच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, ती राहिली नाही हो. पार गंजली. भंगारात द्यावी लागली."

मग स्मिताच त्याची समजूत घालायला लागली. इतकी वर्षं सांभाळलीत, जागा अडवून ठेवलीत, आम्ही कुणाकुणाचे उपकार फेडायचे. तो नुसता हं हं करत राहिला.

आता खोटं बोललोच आहोत तर ते खरं तरी करून टाकू, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी ओढून न्यायला रिकव्हरी ट्रक बोलावला. ट्रकवाल्या पठाणानं साखळी लावली, वॅगनची पुढची चाकं उचलली गेली. बिनछताची ती गाडी कलती होताना पाहून सत्यजित पुढे धावला. त्यानं हात वर केला. "खलास, रहने दो," म्हणाला आणि फेरीचं भाडं देऊन त्याला परत पाठवलं.

घरी त्यानं ऋताला, बायकोला, सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. त्या विमानात बसायच्या आत सांगून टाक, एवढंच म्हणाली. त्यानं रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

मग त्या आल्याच. विमानतळावरून घरी जायच्या आधी सत्यजितनं गाडी गॅरेजकडे वळवली. ऋता पुढे शेजारी बसली होती. मागच्या अंगणात नेऊन त्यानं ताडपत्री ओढली.

स्मिता आधी खुश झाली. गाडी आहे की, असं म्हणत दोन पावलं पुढे गेली. मग तिला वरचं मोकळं आभाळ दिसलं.

त्यानं सांगितलं, आडवळण न घेता: छत कुठं गेलं, कुणाच्या गाडीवर, आणि फोनवर आपण काय बोललो ते.

"मला विचारलं का नाहीत?" स्मितानं विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

अस्मी मधे पडली. "इट्स ओके, मॉम. इट वॉज जस्ट लाइंग हिअर." ती मनापासून म्हणत होती, तरी सत्यजितला त्यानं हलकं वाटलं नाही. माफी तिच्याकडे मागायची नव्हती. त्यानं दुसरं छत मिळवून बसवून देतो म्हटलं, हवं तर खल्फानना सगळं सांगतो म्हटलं. स्मितानं मान हलवली. दुसऱ्याच्या गाडीचं वाटोळं करून काय मिळणार, म्हणाली. ऋतानं जेवायला थांबायचा आग्रह केला. स्मितानं तिचा हात हातात घेतला, पण टॅक्सी बोलवायला सांगितलं.

प्रदर्शनात खल्फानच्या कूपेला पारितोषिक मिळालं. त्यांनी सत्यजितला स्टेजवर बोलावलं होतं. तो गेला नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं, आणि हे आणखी एक खोटं जमा झालं. वॅगनचं काय करायचं ते स्मितानं ऋताला कळवलं: देऊन टाका.

यावेळी पठाण आला तेव्हा सत्यजितनं त्याला थांबवलं नाही. ट्रक वळेपर्यंत उन्हात उभा राहिला.

महिना सरता सरता अस्मीनं त्याला मेसेज केला. ती एक वापरलेली छोटी गाडी घेणार होती. अंकल, तुम्ही एकदा बघाल का? मॉमला विचारलंय. तो अल ऐनला गेला. अर्धा दिवस गाडीखाली पडून त्यानं ब्रेक, चेसिस, कुठं ठोकलेली आहे का, सगळं तपासलं. स्मिता चहा घेऊन खाली पार्किंगमध्ये आली. त्यानं हात पुसले, कप घेतला आणि गाडी चांगली आहे, डोळे मिटून विकत घ्या, असं सांगितलं.

"नक्की ना?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत गाड्यांच्या बाबतीत तिनं त्याला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यानं कप बॉनेटवर ठेवला, पुन्हा गाडीखाली शिरला आणि एकेक गोष्ट तिला दाखवून द्यायला लागला.