थप्पीमागचे एकशे बारा कट्टे

“पुन्हा मोजा,” हेमांगी म्हणाली.

धनसिंग मुकादमाने नवलभाऊंकडे पाहिलं आणि नवलभाऊंनी गोदामाच्या पत्र्याकडे. तूरडाळीचे कट्टे, म्हणजे पोती, एकदा मोजून झाले होते. भरले सातशे बावन्न. रजिस्टरात होते सहाशे चाळीस. माल कमी भरला तर गोदामवाल्याची मानगूट धरतात, हे जळगावच्या एमआयडीसीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण जास्त भरला तर काय करतात, हे कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्यांदाही सातशे बावन्नच भरले.

ही हेमांगी म्हणजे डाळमिलचे मालक योगेंद्रशेठ यांची मुलगी. पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या पैशांचं नियोजन बघायची. दिवाळीनंतर नोकरी सोडून वडिलांच्या मिलमध्ये आली, आणि आली त्या दिवसापासून नवलभाऊंच्या मनात जी पाल चुकचुकली ती काही थांबेना. बत्तीस वर्षं त्यांनी हे गोदाम सांभाळलं होतं. बत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता असा प्रश्न तिने पहिल्याच आठवड्यात विचारला.

“काका, तूर विकत घेतल्यापासून डाळीचे पैसे हातात येईपर्यंत किती दिवस जातात?”

नवलभाऊ बोटांवर मोजू लागले. मग तिनेच हिशोब मांडला. माल गोदामात एकोणसाठ दिवस पडून राहतो, व्यापारी पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतो. एकूण एकशे चार. तूर देणाऱ्या आडत्याला मात्र आपण आठव्या दिवशी मोकळं करतो. “मधले शहाण्णव दिवस आपण बँकेच्या पैशावर जगतो,” ती म्हणाली. “म्हणून कागदावर नफा दिसतो आणि पगाराच्या तारखेला बाबा फोन करत बसतात.”

बोलणं सरळ होतं. पण नवलभाऊंनी त्याचा अर्थ आपल्यापुरता काढला: ही पोरगी दिवस मोजतेय, म्हणजे आपले भरले. तिला पुण्याचा कुणी माणूस इथे बसवायचा असणार. फाटकावर कॅमेरा बसला तेव्हा त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. नवलभाऊंना तो आपल्याच खुर्चीकडे वळलेला दिसायचा. ती धनसिंगशी दोन मिनिटं बोलली, की हा फुटला. ती “काका, चहा घेता का?” म्हणाली, की आज काहीतरी काढून घ्यायला आलीय.

आणि महिन्याभरापूर्वी तिने नेमकं तिथेच बोट ठेवलं. “काका, आपली घट जरा जास्त वाटते. दर महिन्याला साधारण एक कट्टा. कुठे जातो हा?”

“तूर ओली येते ताई,” नवलभाऊ म्हणाले. “वाळली की वजन उतरतं.”

तिने मान हलवली, पण पेन्सिलीने त्या रकान्याभोवती एक गोल काढला. तो गोल नवलभाऊंना झोपेत दिसू लागला. घरी बायकोला, कमलबाईंना, ते म्हणाले, “मले चोर ठरावनार शे ती.”

खरी गोष्ट अशी, की तो कट्टा कुठे जातच नव्हता. नोटाबंदीच्या हिवाळ्यात मिलमध्ये हमालांना द्यायला रोकड नव्हती. तेव्हाचे मालक, हेमांगीचे आजोबा रुपचंदशेठ, यांनी आठ दिवस हमालांना मजुरीपोटी डाळ दिली. त्यानंतर एक दिवस त्यांनी नवलभाऊंना थप्पीच्या आडोशाला नेऊन सांगितलं, “नवल, महिन्याला एक कट्टा घटीत लिही आणि मागे लाव. पुन्हा अशी वेळ आली तर हात पसरायला नको. योगेंद्रला सांगू नको, त्याचा हात सैल आहे.” दीड वर्षाने म्हातारा गेला. नवलभाऊंनी शब्द पाळला. दर महिन्याला एक कट्टा, असे एकशे बारा महिने. मागच्यातला जुना कट्टा विक्रीत घालायचा, त्याच्या जागी नवा लावायचा, म्हणजे कीड लागत नाही. घरच्या दाण्यागोट्यालाही कुणी इतकं जपत नाही, पण हे सांगणार कुणाला, आणि साक्षीला आणणार कुणाला?

उद्या मोजणी आहे हे कळल्यावर काल दुपारी धनसिंग चहाच्या टपरीवर जवळ सरकून म्हणाला होता, “भाऊ, मांगला सम्दा कट्टा आजच काढी टाकूत. मन्हा भाचाना टेम्पो शे. कोनले समजाव नही.”

नवलभाऊंनी कप खाली ठेवला. हा आपणहून बोलतोय, की ह्याला तिने पाठवलंय? टेम्पो फाटकावर पोचताच ती पुढे उभी असेल तर? आणि नसली तरी काय, कट्टे बाहेर गेले की आपण खरंच चोर. “कोनता मांगला कट्टा?” म्हणून ते उठले होते आणि चहा तसाच टाकून आले होते.

आता मोजणी संपली होती. योगेंद्रशेठ गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले. मुलीने आकडा सांगितला तसे त्यांनी नवलभाऊंकडे पाहिलं.

“नवलभाऊ, तुम्ही?”

एवढंच. शिवी दिली असती तर नवलभाऊंनी सोसली असती. हे सोसवेना. त्यांना रडू आलं आणि त्याचाच राग आला.

“माल जास्त निघाला शेठ, कमी नाही,” ते कसेबसे म्हणाले.

“चोर आधी घट लिहितो,” हेमांगी शांतपणे म्हणाली, “आणि माल नंतर सावकाश नेतो. पुण्यात असं एक प्रकरण मी स्वतः पाहिलंय. तुमच्याकडे दाखवायला काही आहे का काका?”

नवलभाऊंनी पँटच्या आतल्या खिशातून तेलकट झालेली वही काढली. कुठल्या तारखेला कुठला कट्टा आला, कुठला निघाला, त्याच्या जागी कुठला लागला, सगळं त्यांच्या तिरप्या अक्षरात होतं. हेमांगी डाळीच्या एका कट्ट्यावर बसली आणि अर्धा तास एकेक पान वाचत राहिली. मग थप्पीमागे जाऊन तिने कट्ट्यांवरच्या खुणा स्वतः ताडून पाहिल्या. नवलभाऊ उभेच होते. हिने वहीत काही खाडाखोड तर केली नाही ना, अशीही शंका त्यांना येऊन गेली.

“बाबा, एक दाणा गेलेला नाही,” ती बाहेर येत म्हणाली. “काकांनी चोरी केलेली नाही.”

योगेंद्रशेठनी नवलभाऊंचे दोन्ही हात धरले. नवलभाऊंच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरतो न उतरतो तोच ती पुढे बोलू लागली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

“पण काका, ही तूर आपण बँकेच्या पैशानं घेतो. कट्टा इथे नुसता उभा असला तरी त्याचं व्याज चालूच असतं. आजच्या भावानं हे एकशे बारा कट्टे रोज एकशे पंच्याऐंशी रुपये खातात. पहिल्या कट्ट्यापासून धरलं तर पावणेतीन लाख गेले. न चोरता गेले.”

“रुपचंदशेठनी सांगितलं होतं ताई. अडीनडीला.”

“आजोबांचं चुकलं नाही. अडीनडीला राखून ठेवावंच. पण ज्याच्यासाठी राखलं त्याला ते दिसायला हवं. मागच्या भाद्रपदात बाबांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. तेव्हा हे इथेच होतं.”

नवलभाऊंना हे माहीत नव्हतं. पाटल्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी कट्ट्यांचं सांगितलं नव्हतं. पावणेतीन लाख म्हणजे आपला सोळा महिन्यांचा पगार, एवढाच हिशोब त्यांना सुचला.

धुळ्याचा एक व्यापारी रोखीने घ्यायला तयार झाला. तिसऱ्या प्रहरी ट्रक लागला. एकशे बारा कट्टे नवलभाऊंनी स्वतः मोजून चढवून दिले. “गोदाम तुमच्याकडेच राहील काका,” जाताना हेमांगी म्हणाली. “फक्त यापुढे घट खरी लिहा.” त्यांनी मान हलवली.

पिंप्राळ्यात घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कमलबाई दारातच उभ्या होत्या.

“काय म्हने ती पोर?”

“चोर नही म्हने.”

कमलबाईंनी देवापुढे हात जोडले, डोळ्यांना पदर लावला. “मी सांगेच ना तुमले. आखो काय म्हने?”

“आखो काही नही.”

त्यांनी ताट वाढलं. आज घरात सण असल्यासारखं त्यांचं चाललं होतं. भाकरीवर तूपही घातलं. नवलभाऊ ताटाकडे बघत बसले.

“कोठीमा जुवारी कितला दिननी शे?” त्यांनी विचारलं.

“वरीसभरनी. दरसाल भरतस ना आपन. काब्र, बजारमा इकनी शे का?”

“नही,” नवलभाऊ म्हणाले. “राहू दे.” आणि मोडलेला घास हातात तसाच धरून बसून राहिले.