दोन किल्ल्यांचे कुलूप

माझ्या रंगावर जाऊ नका, मित्रांनो. मी एक जुने पितळी कुलूप आहे. अंगावर काळपट डाग आहेत, पोटावर एक पोचा आहे, पण आतल्या तरफा आजही अशा चालतात की नव्या कुलपांनी माझ्याकडे शिकवणी लावावी. हल्लीची ती कुलपे दार ओढले की आपोआप लागतात आणि किल्ली आत राहिली की मालकालाच बाहेर उभे करतात. माझ्या बाबतीत असला आचरटपणा होत नाही. मला हाताने लावावे लागते, किल्ली फिरवावी लागते, आणि मी लागले की खट्ट असा आवाज अख्ख्या जिन्यात ऐकू जातो.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने कानशीने माझ्या तरफा घासल्या, मला कानाशी धरून किल्ली फिरवून पाहिली आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, "हे आपल्या सगळ्यांना पुरून उरणार." मग त्याने माझ्याबरोबर दोन किल्ल्या दिल्या. आम्हा कुलपांचा हिशेब सोपा असतो. किल्ली ज्याच्या खिशात, तो आमचा मालक.

मला विकत घेतले एका टपाल कारकुनाने. त्याची बायको शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. त्यांना एकुलता एक मुलगा. तो सगळे हळूहळू शिकणारा. बोलायला उशिरा लागला, आकड्यांशी त्याचे कधी जमले नाही, आणि ओळखीचे माणूस दिसले की रस्ता, गाड्या काही न बघता तो त्याच्याकडे धावत सुटायचा. एकदा असाच ट्रकखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी मी त्या घरी आले. दुसऱ्या दिवसापासून आईवडील कामावर जाताना मला बाहेरून लावत. मुलगा आत असे. दुपारच्या सुट्टीत आई धापा टाकत यायची, त्याला जेवू घालायची आणि पुन्हा मला लावून पळायची. तिच्यावर रागावू नका. तिने त्या रस्त्याचा धसका घेतला होता, आणि मुलाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते.

माझे काम मी चोख केले. एका भुरट्या चोराने पहार घालून मला तोडायचा प्रयत्न केला, हा पोचा तेव्हाचा. त्याची डाळ शिजली नाही. पुढे कितीतरी दिवस शेजारीपाजारी येऊन माझे कौतुक करून गेले. आत एक मुलगा अख्खा वेळ न रडता बसून होता, त्याचे कौतुक करायचे मात्र सगळे विसरले. तो दाराला कान लावून बसायचा. पुढे त्याला मिशा फुटल्या तरी तो तसाच बसायचा.

मग वडील गेले. आई निवृत्त होऊन घरी बसली, आणि मला लावायची गरजच उरली नाही. खिळे, सुतळी आणि सुकलेली पेने यांच्या संगतीत मी खणात जाऊन पडले. पडून राहणे माझ्या स्वभावात नाही, पण सांगता कोणाला?

आईचे गुडघे कुरकुरू लागले तसा एक प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. माझ्यामागे याचे काय? कोणीतरी तिला एका संस्थेचा पत्ता दिला. ज्यांच्या बुद्धीची वाढ वेगळ्या गतीने झाली आहे, अशा मोठ्या माणसांना ही संस्था स्वतःच्या पायावर उभे राहायला मदत करते. त्यांना काम शिकवते, नोकरी मिळवून देते, आणि दोघादोघांना भाड्याच्या घरात आपले आपण राहायला शिकवते. तिथल्या एक ताई घरी आल्या.

"यांना काय म्हणून हाक मारू?" त्यांनी विचारले.

"आम्ही बाळच म्हणतो," आई म्हणाली.

ताई मुलाकडे वळल्या. "तुम्हाला काय आवडेल?"

चौतीस वर्षांच्या बाळाने बराच विचार केला. "अहोजाहो करा," तो म्हणाला.

झाले. ताईंनी त्याला एका मोठ्या लाँड्रीत लावून दिले. तिथे चादरींच्या घड्या घालायचे काम होते. त्याच्या घडीची चार टोके अशी जुळत की लाँड्रीवाल्यांनी त्याचे नाव घडीसम्राट ठेवले, आणि मीही आता त्याला तेच म्हणते. वर्षभराने दोन गल्ल्या पलीकडे त्याच्यासाठी घर ठरले. सामान बांधून झाल्यावर तो खणाशी गेला आणि त्याने खिळ्यांमधून मला बाहेर काढले.

"हे माझ्या दाराला," तो म्हणाला.

आईने शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब माझ्या पोटात सोडले. एक किल्ली तिने त्याच्या हातावर ठेवली, दुसरी पर्समध्ये टाकली. "ही राहू दे माझ्याकडे. आणि एक महिना बघायचं. काही वेडंवाकडं झालं तर तू घरी यायचं."

असा मला नवा मालक मिळाला. घरी माणसे असली की मी दाराआड खिळ्याला लटकायचे. घडीसम्राटाच्या जोडीला तिथे मुनी राहायचा. तो रोपवाटिकेत कुंड्या भरायचा आणि दिवसाला चारपाच शब्दांच्या वर खर्च करायचा नाही, म्हणून मुनी. ताईंनी दारावर चार चित्रे लावली होती: दिवा, गॅस, कुलूप, किल्ली. निघताना एकेका चित्रावर बोट ठेवायचे आणि ते काम झाले का बघायचे. रोज दोघे बरोबरच निघत. मला ओढून बघत, किल्ली खिशात टाकत आणि जिना उतरत. मी पुन्हा कामाला लागले होते आणि छाती फुगवून दाराला लटकत होते.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लाँड्रीने घडीसम्राटाला लवकर बोलावले. मुनी अजून अंघोळ करत होता. घडीसम्राटाने दिवा पाहिला, गॅस पाहिला, मला लावले, ओढून बघितले आणि किल्ली खिशात टाकून तो गेला. एकही पायरी चुकली नाही. फक्त मुनी आत राहिला.

मुनी तयार होऊन आला, दार उघडत नाही हे त्याने दोनदा ओढून पाहिले, आणि पिशवी मांडीवर घेऊन दारापाशी बसून राहिला. ओरडणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो कामावर आला नाही म्हणून रोपवाटिकेतून ताईंना फोन गेला, तेव्हा त्या धावत आल्या.

"मुनी, आत आहात का?"

"आहे."

दुसरी किल्ली आईकडे, म्हणून ताईंनी आईला बोलावले. गुडघे सांभाळत आई जिना चढून आली, तिने मला उघडले आणि समोर बसलेल्या मुनीला पाहून तिचा चेहरा पडला.

"बघितलंत?" ती ताईंना म्हणाली. "आत आग लागली असती तर?"

ताईंनी मान डोलावली. ते खरेच होते.

संध्याकाळी घडीसम्राट आला तेव्हा आई आणि ताई थांबलेल्याच होत्या. ताईंनी त्याला जवळ बसवले. "सकाळी मुनी आत होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग कुलूप का लावलं?"

त्याला प्रश्नच कळेना. "आत माणूस असतो," तो समजावून सांगू लागला. "मग बाहेरून कुलूप लावायचं. आई लावायची ना. मी आत असायचो."

आई खाली बघत राहिली. मला फार वाईट वाटले, तिच्यासाठी आणि त्याच्यासाठीही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "महिना संपला की मी याला घेऊन जाते."

"मला जायचं नाही," तो म्हणाला. ती उठून गेली.

ताई त्या चित्रांपुढे उभ्या राहिल्या. "यात माणूसच नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. पण आत कोणी आहे हे रोज कसं ओळखायचं? मुनी तर हाकेला ओ द्यायलाही वेळ घेतात."

घडीसम्राटाने दाराजवळच्या चपलांच्या मांडणीकडे बोट केले. "मुनीचे बूट आहेत. म्हणजे मुनी आहे."

"आहे," मुनी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुलपाच्या चित्राच्या वर चपलांचे चित्र आले. त्यानंतर घडीसम्राट रोज मांडणीपुढे वाकायचा. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस एकदा बूट काढून मोरीत शिरला होता, तर तो बाहेर येईपर्यंत घडीसम्राट जागचा हलला नाही. लाँड्रीत उशीर झाला तो झाला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीच आई मोठी बॅग घेऊन हजर झाली. मुनी आधीच गेला होता. घडीसम्राट कामाला निघत होता.

"आज नको जाऊस," आई म्हणाली.

"आज चादरी खूप आहेत. मला जायचंय."

"बरं, जा. मी तोवर तुझे कपडे भरते."

मला पुढचे दिसू लागले. पुन्हा तो खण, पुन्हा ते खिळे, आणि पुन्हा दाराला लागलेला त्याचा कान. त्याने मला खिळ्यावरून काढले. दिव्यावर बोट ठेवले, गॅसवर ठेवले, चपलांवर ठेवले आणि तो मांडणीपुढे वाकला. तिथे आईच्या झिजलेल्या चपला होत्या. त्याने मला पुन्हा खिळ्याला अडकवले.

"आई, तू आत आहेस. मी कुलूप लावत नाही."

"अरे लाव की. मी कुठे जाणार आहे?"

"नाही. आत माणूस असताना लावायचं नाही. तू आतून कडी लाव. बाहेर जावंसं वाटलं तर जा. तुझ्याकडे किल्ली आहे."

आणि तो गेला. आईने आतून कडी लावली. मग तिने दाराला कान लावला आणि त्याची पावले जिना उतरून रस्त्यावर जाईपर्यंत तशीच उभी राहिली. त्यानंतर बराच वेळ ती खुर्चीवर बसून रडली. बॅग तिने उघडलीच नाही.

दुपारी मुनी आला. आईने पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही तुमची. इथे राहता, तर तुमच्याकडेच हवी."

मुनीने किल्ली पुन्हापुन्हा उलटून पाहिली. "बरं," तो म्हणाला.

संध्याकाळी घडीसम्राट घरात आला तो सरळ बॅगेकडे बघत. "कपडे?"

"कपाटातच आहेत तुमचे," आई म्हणाली. त्या दिवशी तिने त्याला पहिल्यांदा अहोजाहो केले. नंतर ती पायांत चपला सरकवून, रिकामी बॅग घेऊन आपल्या घरी गेली. आता ती येते तेव्हा दार वाजवते आणि ते उघडेपर्यंत जिन्यात थांबते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे कुलूप असेल. त्याला खणात टाकून देऊ नका, अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या, ते तुम्हाला कधी दगा देणार नाही. किल्ली मात्र त्या घरात जो राहतो त्याच्या हातात द्या, त्याला ती फिरवायला कितीही वेळ लागो. आणि कुलूप लावण्याआधी एकदा वाकून दाराजवळच्या चपला बघा.