देवीदास मेश्रामांचं पहिलं पेडल

देवीदास मेश्रामांनी दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या, आत येऊन गिटार गळ्यात अडकवली आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरच्या नारिंगी डबीवर ठेवला. डबी, म्हणजे गिटारीचा आवाज बदलणारं पेडल, साबणदाणीएवढी होती. अंगठा दाबल्यावर तिच्यावर लाल दिवा लागला आणि मेश्रामांनी तार छेडताच सदर भागातल्या त्या अरुंद वाद्यांच्या दुकानात असा आवाज झाला, की बाहेर सावलीत निजलेलं कुत्रं उठून शेजारच्या बेकरीत गेलं.

“अंकल, चप्पल पहनकर दबाइए,” काउंटरमागून ज्योती म्हणाली. “ये पैर रखने के लिए ही बना है.”

वाद्याच्या सामानाला पाय लावायचा, आणि तोही चपलेसकट, हे मेश्रामांना पटलं नाही. पण दुकान तिचं होतं. त्यांनी चपला घातल्या.

“इसने किया क्या?”

“आवाज़ फाड़ दी. डिस्टॉर्शन है.”

मेश्रामांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली होती. फाटलेलं, वाकलेलं, खरखरणारं जे काही टेबलावर आलं, त्याच्यावर लाल खडूने फुली मारून त्यांनी ते परत पाठवलं होतं. आता तोच माल रंगीत डबीत, वॉरंटीसह विकायला ठेवलेला दिसत होता. दोष किती हवा तो कमीजास्त करायला वर एक बटनही दिलेलं होतं. मेश्रामांनी ते हलक्या हाताने शून्यावर आणून ठेवलं.

गिटार मुळात त्यांची नव्हती. मुलगी शरयू नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा तिची गिटार आणि एक छोटा अॅम्प्लिफायर मागे राहिला. निवृत्तीनंतर मेश्रामांनी कूलरमागे उभी असलेली गिटार पुसायला घेतली आणि पुसता पुसता शिकायला लागले. शरयूने फोनवरून चार कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या चार तऱ्हा, शिकवले. पाचवा शिकवायलाही ती तयार होती, पण चारांत बरंच जग बसतं असं त्यांना दिसून आलं होतं.

ह्यामागे एक कारण होतं. ते मेश्राम कुणालाच सांगत नसल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची बायको शेवंताबाई मालनबाईंच्या भीम-बुद्ध गीत मंडळात लग्नाआधीपासून गात होती. लग्नानंतर मेश्राम तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला गेले आणि कोमट पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन समोर बसले. कार्यक्रमाच्या फोटोंत शेवंताबाई असे, पेटीवर मालनबाई असत, ढोलकीवर टिकाराम असे. मेश्रामांचं फक्त डोकं असे, तेही मागून. आपण एकदा तिच्या बाजूला उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मालनबाईंनी बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात एका गाण्यापुरती परवानगी दिली होती. गाणं बिघडलं तर गिटार परत कूलरमागे जाणार, हेही त्याच वाक्यात सांगितलं होतं.

“ऐसा पेडल दीजिए,” मेश्राम म्हणाले, “जिससे लगे कि आदमी को बजाना आता है.”

ज्योती स्वतः एका बँडमध्ये वाजवत असे. तिने डबी पुसून जागेवर ठेवली.

“वो आएगा तो पहले मैं रखूँगी, अंकल.”

शेवटी तिनेच तोडगा काढला. तीन पेडलं पिशवीत घातली आणि सांगितलं, की घरी नेऊन वाजवून बघा, पटेल ते ठेवा, बाकीची परत आणा. नारिंगी डबीही तिने त्यांत टाकली. मेश्रामांचा चेहरा विश्वास ठेवण्यासारखा होता. नोकरीत ह्या चेहऱ्याचा त्यांना फारसा उपयोग झाला नव्हता.

तालीम विजय नगरला मालनबाईंच्या हॉलमध्ये होई. पहिल्या रविवारी मेश्रामांनी डिले नावाचं पेडल जोडलं. त्याचं काम प्रतिध्वनीचं. एक सूर वाजवला की तोच सूर मागाहून हळूहळू विरत परत परत येतो. बरोबर वाजवणाऱ्याला हे फार शोभतं. मेश्रामांनी धृपदातच चुकीची तार ओढली आणि मग ती चूक सगळ्यांनी बसून शेवटपर्यंत ऐकली. चूक जाईपर्यंत मालनबाईंनी पेटीचा भाता धरून ठेवला होता.

“संपली?” त्यांनी विचारलं.

मग नारिंगी डबीची पाळी आली. गाणं मैत्री आणि करुणेवर होतं. पहिल्या कॉर्डबरोबर टिकारामने ढोलकीवरचा हात उचलला आणि खिडकीतून खाली पाहिलं.

“देवीदास,” तो म्हणाला, “आम्ही मैत्रीचं गाणं गाऊन राहिलो अन् तू ट्रक मागे घेऊन राहिला.”

तिसरं पेडल कोरस. एक गिटार वाजवली की दोन वाजतात असं त्याने वाटावं. मालनबाईंचं म्हणणं पडलं की एकच पुष्कळ आहे. शेवंताबाईची ह्या सगळ्यात पंचाईत झाली. नवऱ्याची बाजू घ्यावी तर गाणं बिघडतं आणि गाण्याची घ्यावी तर नवरा. तिने सगळ्यांना पन्हं दिलं आणि मेश्रामांच्या पेल्यात गूळ थोडा जास्त घातला.

पिशवी घेऊन मेश्राम परत सदरला गेले, तेव्हा ज्योतीने विचारलं, काय झालं. त्यांनी झालं तसं सांगितलं, ट्रकसकट. ती हसली नाही. कपाट उघडून तिने एक काळं, जड पेडल काढलं. हे आवाजात काहीच करत नाही, ती म्हणाली. हे फक्त तार सुरात आहे की नाही ते सांगतं. ट्यूनर. सुरात असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. नवीन माणसाने पहिलं पेडल हेच घ्यावं, पण कुणी घेत नाही, कारण ह्याने काही वाजत नाही. उलट दिवा लागलेला असेपर्यंत हे गिटारीचा आवाज बाहेरच जाऊ देत नाही, म्हणजे तारा जुळवतानाची किरकिर लोकांना ऐकावी लागू नये. जुळवून झालं की परत दाबायचं.

मेश्रामांनी चष्मा पुसला. तपासणी चालू असेपर्यंत माल दाराबाहेर जात नाही. इतकी चोख व्यवस्था त्यांना कारखान्यातही पाहायला मिळाली नव्हती.

पहिलं पेडल ठरलं.

पुढचे दिवस घरात शांततेचे गेले. पहाटे गिटार हिरव्या दिव्यावर आणायची, चार कॉर्ड वाजवायचे, परत तपासायची, परत वाजवायचे. तारा सुरात राहिल्याने असेल किंवा दिव्याच्या धाकाने असेल, पण बोटं जागेवर पडायला लागली. शेवटच्या तालमीत मालनबाई गाणं संपल्यावर काही बोलल्या नाहीत. मंडळात ह्याला मंजुरी समजत.

पौर्णिमेला विहाराच्या पटांगणात मंडप होता. मुलं पुढे सतरंजीवर, मागे खुर्च्या. वंदना झाली, भाषणं झाली, ती अपेक्षेपेक्षा जास्त झाली. मग मंडळ मंचावर गेलं. मेश्राम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवंताबाईच्या डाव्या हाताला उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मंचावरचा तिचा चेहरा बाजूने दिसत होता. कानातलं गाताना हलतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी पेडल दाबलं. सहाच्या सहा तारा हिरव्या. तेवढ्यात मालनबाईंनी पेटीवर सूर धरला आणि मेश्राम सुरू झाले.

चारही कॉर्ड वेळेवर आले. एकदाही बोट घसरलं नाही. ढोलकीमुळे स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं, पण मंचावर असंच होतं असं शरयूने सांगून ठेवलं होतं. घोटाळा झाला तो दुसरीकडे. पहिल्या अंतऱ्यापासून शेवंताबाईची नजर खुर्च्यांवरून फिरत होती, जत्रेत माणूस हरवल्यासारखी. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ तिने दोनदा म्हटली आणि तिसरी म्हटलीच नाही. मालनबाईंनी पेटी जोरात लावून ते खड्डे बुजवले. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या नेहमीसारख्या पडल्या.

“देवीदासभाऊ,” मंचावरून उतरता उतरता मालनबाई म्हणाल्या, “गिटार अशी पाहिजे. असून नसल्यासारखी. पुढच्या कार्यक्रमालेही या.”

मेश्रामांनी नमस्कार केला आणि सामान उचलायला वाकले. पेडलवरचा दिवा अजून लागलेला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पायाने तो बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली.

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. चहा घेता घेता मेश्रामांनी तो शेवंताबाईला दाखवला. डोक्याची मागची बाजू नव्हती, पूर्ण चेहरा होता, तिच्या खांद्याला खांदा लागलेला.

“छान आला,” ती म्हणाली. मग फोन परत देत म्हणाली, “तुमची गिटार वाजून नव्हती राहिली.”

मेश्रामांनी कप बशीत ठेवला.

“मालनबाईले नाही समजलं.”

“मी ऐकून राहिली होती नं.”

“बटन दाबायचं राहून गेलं.”

“अच्छा,” शेवंताबाई म्हणाली. “मला वाटलं, रागावले म्हणून वाजवलं नाही.”

तिने बशीच्या कडेवरून बोट फिरवलं. दुसऱ्या अंतऱ्याचा विषय काढायचा नाही असं मेश्रामांनी रात्रीच ठरवलं होतं, म्हणून त्यांनी कूलरमध्ये पाणी आहे का ते उठून पाहिलं. पाणी होतं.

“मी चुकली काल,” ती त्यांच्या पाठीला म्हणाली. “तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत कोणी मोबाईलवाला बसला होता. तुमच्या जागेवर. मी कोणाकडे पाहून गाऊ?”

“मी तर बाजूलाच होतो.”

“बाजूला पाहून गाता येते काय?”

मेश्राम परत येऊन बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या मालावर फुल्या मारताना त्यांचा आवाज जसा होई, तशाच आवाजात ते म्हणाले, की ठीक आहे, पुढच्या वेळी मी खालीच बसतो, गिटार कूलरमागे ठेवून देतो.

“काहून?” शेवंताबाई म्हणाली. “गिटार नको, असं मी म्हटलं काय? सकाळी तुम्ही वाजवता, तर मी भाकरी थापता थापता त्याच्यावरच गाते. काल कान लावून बसली, काही येऊनच नाही राहिलं.” तिने दोन्ही कप उचलले. “मला दोन्ही पाहिजे.”

आणि ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज आला. मेश्राम फोटोकडे बघत बसले. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते.

दुपारी ऑटोने ते सदरला उतरले. ज्योतीने त्यांना पाहिल्याबरोबर डिलेची डबी काउंटरवर ठेवली. कार्यक्रम चांगला झाला की माणूस दुसऱ्या पेडलसाठी येतो, हा तिचा अनुभव होता. मेश्रामांनी डबी बाजूला सारली आणि गिटारीची वायर मागितली.

“आपके पास तो है, अंकल.”

“लंबी चाहिए.”

“कितनी लंबी?”

मेश्रामांना आकडा सांगता येईना. ज्योतीने माळ्यावरून वायरचं मोठं भेंडोळं काढलं. एवढ्या लांब वायरीत आवाज थोडा दबतो, तिने सांगितलं. मेश्राम म्हणाले, दबू द्या. त्यांनी एक टोक तिच्या हातात दिलं, जिथे उभ्या आहात तिथेच उभ्या राहा म्हणाले, आणि दुसरं टोक धरून निघाले. दुकानाचं दार ओलांडलं. फुटपाथवर एक बाई मुलाला घेऊन जात होती, तिच्यासाठी वायर वर धरली. बेकरी ओलांडली, उसाच्या रसाची गाडी आली. रसवाल्याने आपल्या गाडीपुढून वायर जाताना पाहिली आणि न विचारता स्टूल थोडं मागे घेतलं. मेश्राम त्याच्यावर बसले. दुकानाकडे तोंड केलं. चष्मा नीट केला.

“दीदी,” त्यांनी हाक मारली. “मेरा चेहरा दिख रहा है?”

ज्योती वायरचं टोक हातात घेऊन दारात आली होती. तिने उन्हात डोळ्यांवर हात धरला.

“दिख रहा है, अंकल.”

“साफ?”

“साफ.”

“तो यहीं से काट दो,” मेश्राम म्हणाले.