शेवटची ओळ पाठ आहे

चष्मेवाल्याच्या घरात एकालाही चष्मा नाही, हा बाबांचा गिऱ्हाइकांना ऐकवायचा ठेवणीतला विनोद होता. दादा गेला आणि त्यांनी तो विनोद सोडला. बाकीचेही सोडले. दुकान मात्र चालू राहिलं. गिऱ्हाइकांचे डोळे कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत.

दुकान बोळासारखं लांबट. पुढे चष्म्यांची कपाटं, मध्ये पडदा, पडद्यामागे तपासायची खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दादा आणि त्याची धाकटी बहीण बारकी त्या खुर्चीखाली लोळून मोठे झाले. तक्त्याची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ होती त फ ल ग न र. लोक ती वाचताना मेटाकुटीला येत, ही दोघं डोळे मिटून म्हणत. पुढे त्यांनी तिचा शब्दच करून टाकला. पेपर सोपा गेला, तफलगनर. आई ओरडली, तफलगनर.

दादा गेल्यावर बारकीला तो शब्द पडद्यामागून ऐकू येऊ लागला. भर दुपारी, बाबा पुढे काच घासत असताना, हसू दाबून म्हटल्यासारखा. पडदा सारला की रिकामी खुर्ची. ती घाबरायची, आणि तो पुन्हा यावा म्हणून थांबूनही राहायची. आईला सांगायची सोय नव्हती. दादाचा विषय निघाला की आई उठून आत जायची.

दादाला वरच्या कॉलेजाने मारलं, असं घरात ठरून गेलं होतं. वरचं म्हणजे टेकडीवरचं, डॉक्टरकीचं. अर्जांचा पाऊस आणि जागा मूठभर. दादा हुशार, पण वर्गातल्या चारचौघा हुशारांसारखाच. सदा नाकाला पुस्तक लावून बसलेला. त्याला मुलाखतीला बोलावलं तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीचे कान किटवले. नकार घेऊन तो दिवेलागणीला टेकडी उतरला आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली आला. ड्रायव्हर रडत एकच सांगत होता, "त्याने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं हो. आणि तरी पाऊल टाकलं."

त्या वाक्याने बाबा खचले ते खचलेच. पोराला जगायचंच नव्हतं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

आता अर्ज करायची वेळ बारकीची होती, आणि तिलाही वरच जायचं होतं.

"तू हुशार आहेस, कोण नाही म्हणतं?" बाबा म्हणाले. "पण तुझ्यासारख्या हुशार पोरी तिथे पैशाला पासरी. खालच्या कॉलेजात अर्ज कर. डॉक्टर तिथेही होतात."

"खाली करतेच आहे. वरही एक करते. आमच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, नाही म्हणायचं काम त्यांचं, आपण कशाला आधीच करायचं?"

"बाईंचं कोणी गेलंय का?"

बारकीने खालच्या कॉलेजाचा अर्ज पुढे ओढला.

खालच्या कॉलेजाला डोळ्यांचा दाखला लागत होता. दुकान घरचंच म्हणून बाबांनी तिला दुपारी खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि सवयीने म्हणाले, "शेवटची वाच."

बारकीने तोंड उघडलं. तिच्या आधी कानाशी तोच पडद्यामागचा आवाज आला, "त फ ल..." आणि तिचंही तोंड त्याच्यामागून चालू लागलं, "त, फ, ल..."

"छान." बाबा दाखल्यावर सही करायला वाकले.

आवाज पुढे म्हणत होता, ग, न, र. बारकी मात्र थांबली होती. तिने पहिल्यांदाच तक्त्याकडे खरोखर बघितलं. खालच्या अर्ध्या भागात ओळी नव्हत्या, नुसता धुरकट पट्टा होता. तो नेहमीच तसा होता. लांबचं सगळ्यांना असंच दिसत असणार, असं ती धरून चालली होती. फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. आणि दादा, नाकाला पुस्तक लावून...

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं होतं. पण त्याला गाडी दिसलीच नव्हती.

म्हणजे त्याला मरायचं नव्हतं. आणि त्याचे डोळे याच खुर्चीत, याच तक्त्यावर, बाबांनीच तपासले होते. गप्प बसलं तर दोष टेकडीवर राहणार, आणि टेकडीची वाट तिला कायमची बंद. बोललं तर दादा या कलंकातून सुटणार, पण बाबा?

"बाबा, सही नका करू," ती म्हणाली. "मी वाचत नव्हते. मला पाठ आहे. आम्हाला दोघांनाही पाठ होती."

बाबांचं पेन थांबलं. मग त्यांनी खणातून दुसरा तक्ता काढला, अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकांसाठीचा, इंग्रजी E सारख्या तीन पायांच्या चिन्हांचा. "पाय कुठल्या बाजूला आहेत ते सांग." वरच्या दोन ओळी तिने सांगितल्या. पुढे तिला काहीच सांगता येईना.

तिच्या नाकावर तपासायची जड चौकट चढवून ते एकेक काच घालत गेले. "आता बरं की आधी?" आवाज गिऱ्हाइकाशी बोलावा तसा शांत, पण काचा एकमेकींवर खडखड वाजत होत्या. शेवटची काच बसली आणि भिंत एकदम जवळ आली. बाबांचा चेहराही. ते इतके म्हातारे झाले आहेत हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"वरचा अर्ज कर," ते म्हणाले. "नको म्हणायला आता मला तोंड नाही."

"बाबा, तुम्हाला कुठे ठाऊक होतं..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. काचांच्या पेटीतून त्यांनी एक काच उचलली, उजेडात धरून बघितली, परत ठेवली आणि दुसरी, अधिक जाड, उचलली.

"त्याला किती नंबर असेल गं?" त्यांनी विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिले.